फी पक्षकाराची, बांधिलकी लवादाशी

कंपन्यांच्या मोठ्या वादांत नुकसानभरपाईचा आकडा काढून देणं हा माझा व्यवसाय आहे. त्यात माझ्या हातून झालेल्या तीन चुका इथे लिहिते आहे, कारण या क्षेत्रात येणाऱ्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर बहुतेक वेळा फक्त जिंकलेले दावेच येतात.

पहिली चूक तयार सूत्रावर विसंबण्याची. जागा वेळेवर ताब्यात मिळाली नाही म्हणून एका रस्ते-कंत्राटदाराचं काम लांबलं होतं. मी हडसन सूत्र लावलं: मुख्यालयाचा खर्च आणि नफा यांचा टक्का घ्यायचा, कराराच्या रकमेला मुदतीने भागायचं आणि लांबलेल्या काळाने गुणायचं. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये मॅकडरमॉट प्रकरणात या सूत्राची दखल घेतली आहे, म्हणून मी निर्धास्त होते. पण कराराच्या रकमेत खर्च आणि नफा आधीच धरलेला असतो, त्यामुळे नफ्यावर पुन्हा नफा चढतो. शिवाय यंत्रं आणि माणसं अडकून पडल्यामुळे दुसरं काम हातचं गेलं, हे सूत्र गृहीत धरतं, सिद्ध करत नाही. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी विचारलं, ‘‘या काळात कोणती निविदा सोडावी लागली?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. निविदांची नोंदवही मी मागितलीच नव्हती. पुढे 2023 मध्ये युनिब्रॉस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, बुडालेल्या नफ्यासाठी नुसतं सूत्र पुरत नाही, पुरावा लागतो. तो धडा मी आधीच महागात शिकले होते.

दुसरी चूक कारणं वेगळी न करण्याची. एका वितरकाला ठरलेल्या भागात एकाधिकार दिलेला असताना कंपनीने तिथेच दुसरा वितरक नेमला. मी आधीची आणि नंतरची विक्री ताडून पाहिली आणि झालेली सगळी घट करारभंगाच्या नावावर टाकली. त्याच काळात नोव्हेंबर 2016 ची नोटबंदी येऊन गेली होती आणि 1 जुलै 2017 पासून जीएसटी लागू झाला होता. ज्या भागांत दुसरा वितरक नव्हता, तिथली विक्रीही घसरली होती. तिच्याशी तुलना केली असती, तर माझा आकडा बराच खाली आला असता. याच मुद्द्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये कॉमकास्ट खटल्यात निकाल दिला होता. ग्राहकांच्या नुकसानीची चार कारणं मांडली गेली, न्यायालयात त्यांतलं एकच टिकलं, आणि तज्ज्ञाचं गणित मात्र चारही मिळून होतं. तो निकाल मी वाचलेला होता. वाचलेलं स्वतःच्या अहवालाला लावून पाहिलं नाही. भारतीय करार कायद्याचं कलम 73 करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवलेल्या किंवा करार करतानाच दोन्ही पक्षांना संभाव्य म्हणून ठाऊक असलेल्या नुकसानीचीच भरपाई देतं, दूरच्या आणि अप्रत्यक्ष नुकसानीची नाही. त्यामुळे कारणांची विभागणी हाच तज्ज्ञाच्या कामाचा गाभा आहे.

तिसरी चूक मला सर्वांत गंभीर वाटते. भविष्यातल्या नफ्याचं आजचं मूल्य काढताना सूट-दर लावावा लागतो. वर्षाला 1 कोटी याप्रमाणे दहा वर्षांचा नफा 9 टक्क्यांनी साधारण 6 कोटी 42 लाख होतो, 14 टक्क्यांनी 5 कोटी 22 लाख. असा फरक दाखवणारा तक्ता माझ्या एका अहवालाच्या मसुद्यात होता. ‘‘समोरच्यांना आयतं हत्यार कशाला द्यायचं?’’ असं आमच्या बाजूच्या वकिलांनी म्हटलं आणि मी तो काढला. त्यात एकही खोटा आकडा नव्हता, तरी तो अहवाल प्रामाणिक राहिला नाही. इंग्लंडमध्ये 1993 सालच्या ‘इकेरियन रीफर’ खटल्यात न्यायमूर्ती क्रेसवेल यांनी तज्ज्ञाची कर्तव्यं सांगितली आहेत. आपल्या मताला बाधक ठरणारी तथ्यं वगळू नयेत, हे त्यांतलंच एक.

तिन्ही वेळा मी विसरले ते एकच: फी पक्षकार देतो, पण मत लवादासाठी असतं. आता काम स्वीकारण्याआधीच मी लेखी कळवते की, विरोधात जाणारी कागदपत्रंही मला हवीत आणि तक्ता अहवालात राहील. या अटींमुळे काही कामं हातची जातात. ती जाऊ द्यावीत, कारण पंचांना निर्णयासाठी आकडा लागतो, आणि तो किती हलू शकतो हे आम्ही लपवलं तर ते त्यांना दुसरं कोण सांगणार?