खिडकी

वर्गात पोराचे लक्ष उडाले की ‘डोकेच नाही’ म्हणायची आपली रीत. मला अशा वेळी माकडे आठवतात. दोन वाट्यांपैकी एकीखाली माकडादेखत खाऊ झाकायचा, पडदा ओढायचा, मग थोड्या वेळाने शोधू द्यायचा. मेंदूचा पुढचा भाग काढलेली माकडे इथे चुकत, हे १९३५च्या सुमारास जेकबसनने दाखवले. विसरली असतील, दुसरे काय! पण १९४२ साली माल्मोने मधल्या वेळात दिवाच मालवला आणि तशाच माकडांना खाऊ सापडू लागला. आठवण शाबूत होती. उजेडातल्या साऱ्या पसाऱ्यात ती हरवत होती. मेंदूचा तो भाग या पसाऱ्यापासून तिची राखण करतो. पोरवयात ही राखण कच्चीच असते. म्हणून चुळबुळ्या पोराला मी छडी दाखवत नाही; त्याच्या बाजूची खिडकी तेवढी लोटून घेतो.