दोन किमतींचा रुपया

संस्कृतातील ‘रूप्य’ या शब्दावरून ‘रुपया’ हे नाव आले, आणि रूप्य म्हणजे ठसा उमटविलेली चांदी. सोळाव्या शतकात शेरशहा सूराने हे नाणे रूढ केले; तेव्हापासून सुमारे चार शतके रुपया म्हटला की चांदीच समजावयाची. आजच्या चलनी रुपयात चांदीचा अंशही उरलेला नाही. जुना बंदा रुपया मात्र अनेक घरांत देवघरातील डबीत जपलेला असतो. लक्ष्मीपूजनाला तो बाहेर निघतो, हळदकुंकू लेवून पुन्हा डबीत जातो. चांदीचा भाव चढू लागला म्हणजे घरातील माणसांची दृष्टी त्या डबीकडे निराळ्या अर्थाने वळते.

आमच्याही घरी तसेच झाले. पुतणीच्या लग्नात चांदीचे ताट द्यावयाचे, तर डबीतील अकरा रुपये मोडावेत काय, असे बेळगावहून दादाने विचारले. उत्तर देण्यापूर्वी जाणकारांना भेटावे, म्हणून मी बंगळुरातील नाणेप्रदर्शनास गेले. मनात आणखी एक हेतू होता. आमची आजी १९११ साली जन्मली. त्या सालचा रुपया मिळालाच, तर तो पुतणीच्या ओटीत घालावा.

केंपेगौडा रस्त्यावरील शिक्षकर सदनात गावोगावचे व्यापारी टेबले मांडून बसले होते. प्रत्येकाजवळ भिंग आणि हातभर अंतरावर छोटा काटा. एका काचेखाली टिपू सुलतानाचा दुप्पट वजनाचा ‘हैदरी’ आणि एकपट ‘इमामी’ शेजारी शेजारी ठेवलेले. पलीकडे पुण्याच्या टाकसाळीतील अंकुशी रुपया. हे नगर एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होते, याची त्या अंकुशी रुपयाने सहज आठवण करून दिली.

राणीछाप रुपयांचा मात्र एका ताटात ढीग होता, आणि तो जवळजवळ चांदीच्या भावानेच विकला जात होता. मी आश्चर्य दाखविले, तेव्हा वृद्ध व्यापारी म्हणाला, “अम्मा, नाण्याला दोन किमती असतात. एक काटा सांगतो, दुसरी भिंग सांगते.” मग त्याने मला रुपयाची कुळकथा समजावून दिली. १८३५ पासूनचा कंपनीचा व पुढे राणीचा रुपया नेमका १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा किंवा ११.६६ ग्रॅम वजनाचा, आणि त्याच्या बारा भागांत अकरा भाग चांदी. असे रुपये कोट्यवधी पडले. म्हणून जुनेपणा हीच काही दुर्मिळता नव्हे. साल, टाकसाळ, छापाचा बारीक फरक आणि झीज किती, यांवर दुसरी किंमत ठरते.

१९११ सालची कथा तर मौजेची आहे. पंचम जॉर्जच्या पहिल्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरील अलंकारात हत्ती कोरला होता. त्याची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना तो डुक्कर वाटला. असंतोष होताच नाणी मागे घेण्यात आली, आणि १९१२ च्या छापात हत्ती सुधारून कोरला गेला. म्हणूनच १९११ चा रुपया संग्राहकांना हवा असतो, आणि जे हवेसे असते त्याची नक्कलही होतेच.

मला दाखविलेला पहिला १९११ चा रुपया लखलखीत होता. पण अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, आणि काट्यावर तो एक ग्रॅमहून अधिक हलका भरला. मी तो परत ठेवला. नक्कल ओळखण्याची आणखी एक सोपी रीत तेथेच कळली : अस्सल रुपया पाण्यात बुडवून तोलला, तर त्याचे वजन सुमारे १.१३ ग्रॅमने कमी भरते. हलक्या धातूचे तितक्याच वजनाचे नाणे याहून अधिक घटते. चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही, हे तर आहेच.

दुसरा रुपया अस्सल होता. वजन बरोबर, झीज मध्यम. परंतु वरच्या काठावर डाकाची खूण होती. कोणीतरी त्याला कडी लावून गळ्यात घातले होते. संग्राहकाच्या लेखी हे नाणे बिघडलेले. म्हणून व्यापाऱ्याने चांदीच्या भावाहून थोडेच अधिक मागितले. मी तो घेतला. ज्या कडीने त्याची किंमत उतरली, तिच्यामुळेच तो वितळण्यापासून वाचला असावा.

कारण वितळणे हेच रुपयाचे नशीब ठरले होते. पहिल्या महायुद्धात चांदी अपुरी पडली, म्हणून १९१७ साली एक रुपयाची नोट निघाली. १९१८ साली अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर वितळवून हिंदुस्थानच्या रुपयांसाठी चांदी पुरविली. १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली, आणि १९४७ चा रुपया निकेलचा झाला.

प्रदर्शनातून निघून अव्हेन्यू रोडने मी नगरथपेठेत गेले. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडची माणसे सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पसरली आहेत. त्यांतलाच एकजण येथे मुशीपाशी बसला होता. माझे मराठी ऐकताच म्हणाला, “मावशी, गाव कंचं म्हणायचं?” रुपये येतात का, असे विचारता हसून म्हणाला, “येत्यात की. मुशीत राणी काय आन् राजा काय, समदी चांदीच.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मूस भिंगातून पाहत नाही. पाहणे हे मुशीत टाकणाऱ्याचे काम.

त्या रात्री दादाने दूरध्वनीवर डबीतील साले वाचून दाखविली. अकरांपैकी चार रुपये १९४० नंतरचे, म्हणजे निम्म्या चांदीचे निघाले. सराफाने सर्वांना एकच भाव धरला असता तरी हिशेब चुकलाच असता. सहा राणीछाप, बहुतेक झिजलेले, संग्राहकाला नवल न वाटावे असे. एक १८६२ चा, ज्याचे ठिपके भिंगाखाली मोजून पाहिले पाहिजेत. कारण तेच साल पुढे कित्येक वर्षे छापले जाई आणि खरे वर्ष ठिपक्यांवरून ओळखतात. ते चार मोडावेत, उरलेले सात ठेवावेत, असे मी सुचविले. वहिनींनी ते मान्य केले. ताट थोडे लहान होईल, इतकेच.

ज्यांच्या घरी अशी डबी असेल त्यांनी मोडण्यापूर्वी एवढे करावे. नाणी चिंच-राखेने घासू नयेत. लकाकी येते, पण संग्राहकाची किंमत जाते. प्रत्येकाचे साल व वजन वहीत लिहावे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, तेव्हा परदेशी असलेल्या मुलाकडे ते सहज धाडता येत नाही, हेही ध्यानात असावे. एवढे पाहूनही मोडावेसे वाटले, तर खुशाल मोडावे. गरजेला उपयोगी पडावे म्हणूनच पूर्वजांनी ते ठेवले होते. मात्र काय मोडतो आहोत, हे आधी ठाऊक असावे.