वीतभर वरची थंडी

जानेवारीत खडकीला उशिरा उजाडतं. मुळेवर धुकं इतकं दाट बसलेलं असतं की होळकर पुलावरच्या गाडीचे दिवे दिसतात, गाडी दिसत नाही. सॅपर्सचे जवान बनियनवर धावत जातात, तोंडातून वाफा निघत असतात, आणि त्यांच्याकडे बघूनच टपरीवरची कानटोपीवाली मंडळी चहाचा ग्लास दोन्ही हातांनी घट्ट धरतात. बाजारात हरभऱ्याच्या डहाळ्यांच्या जुड्या आलेल्या असतात. त्यांच्यावरचं दहिवर अजून सुकलेलं नसतं. त्याला बोट लावून जिभेवर ठेवा, आंबट लागतं. ही हरभऱ्याची आंब. पूर्वी रात्री पिकावर स्वच्छ फडकं पसरायचं आणि पहाटे ते पिळून आंब बाटलीत भरायची, पोटदुखीवर घरात असावी म्हणून. अशा पहाटे टपरीवर कुणीतरी म्हणतंच, "आता फक्त बर्फ पडायचा राहिलाय."

तो काही पडत नाही. आपल्याकडे रान पांढरं होतं ते गारपिटीनं, आणि तेही थंडी सरताना. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमधला गारांचा खच मराठवाडा अजून विसरलेला नाही. पण बर्फाच्या गावाचं नाव मात्र आपण शहराच्या मध्यावर घेऊन बसलो आहोत. खडकीहून लोकल धरली की पुढचं स्टेशन शिवाजीनगर, आणि तिथून चार पावलांवर सिमला ऑफिस. हवामान खात्याचं मुख्यालय 1928मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, 1944मध्ये दिल्लीला गेलं. साहेब गेले, फायली गेल्या, नाव चौकाला चिकटलं ते चिकटलंच. रिक्षावाल्याला 'वेधशाळा' सांगितलं तर तो क्षणभर विचार करील, 'सिमला ऑफिस' म्हटलं की मीटर पाडतो.

आणि खरं सांगायचं तर सिमल्याचा बर्फ आणि आपली थंडी हे एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत. भूमध्य समुद्राकडून निघालेला पश्चिमी झंझावात इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला धडकतो, काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकतो आणि पुढे सरकतो. त्याच्या पाठीमागून उत्तरेचे कोरडे, गार वारे खाली उतरतात. आधी धुळे-जळगाव, मग नाशिक, मग आपण. म्हणून तिकडे बर्फाचा अंदाज आला की निफाडच्या द्राक्षवाल्याने स्वेटर नव्हे, सरपण काढायचं असतं. अर्थात मध्येच बंगालच्या उपसागराकडून ढग आले की सगळा हिशोब चुकतो. ढगांखाली रात्र उबदार राहते आणि वेधशाळेला दुसऱ्या दिवशी टपरीवर शिव्या बसतात.

खात्याच्या लेखी सपाटीवरची थंडीची लाट म्हणजे किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी. पारा चार अंशांवर आला तर सरासरी बघायचीही गरज नाही. हा आकडा येतो कुठून? पांढऱ्या रंगाच्या, झरोक्यांच्या लाकडी पेटीतून. ती चार पायांवर उभी असते आणि आतला तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर असतो. म्हणजे माणसाच्या छातीच्या उंचीवर. पुण्याचा आजवरचा नीचांक आहे 1.7 अंश, 17 जानेवारी 1935चा. तोही या उंचीवरचाच. त्या रात्री मोकळ्या रानात, गवताच्या पात्यावर काय झालं असेल याचा अंदाज ज्याने शेत राखलं आहे त्याला सांगावा लागत नाही.

हरभरा, गहू, भाजीची रोपं यांना छाती नसते. त्यांची थंडी खालची. आणि या खालच्या थंडीचा छडा लागला तो इथेच, पुण्यात, सिमला ऑफिस आणि शेतकी कॉलेजच्या परिसरात. सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी एल. ए. रामदास पुण्याच्या वेधशाळेत होते. 1932मध्ये इथे कृषी हवामानाचा विभाग सुरू झाला, तो त्यांनी उभा केला. रात्री जमीन उष्णता आभाळात सोडून निवते, तेव्हा सगळ्यांत गार जागा जमिनीचा पृष्ठभागच असणार, असं तोवरचं शास्त्र सांगत होतं. रामदास आणि आत्मनाथन यांनी निरभ्र, निवांत रात्री मोकळ्या जमिनीवर वेगवेगळ्या उंचीला तापमान मोजलं, तर सगळ्यांत गार थर सापडला जमिनीच्या वर, वीत-दीड वीत उंचीला. परदेशी पंडितांना पटेना. उपकरणं चुकली असतील, वारा लागला असेल, असं म्हणून झालं. पुढे 1950च्या दशकात राश्के नावाच्या संशोधकाने पुण्यातच काळजीपूर्वक मोजमापं घेतली आणि थर खरा निघाला. आज जग त्याला रामदास थर म्हणतं. त्यामागचं कारण शोधायला रोद्दम नरसिंह यांच्यासारख्यांना 1990च्या दशकापर्यंत डोकं लढवावं लागलं. सिमला ऑफिस चौकात सिग्नलला थांबणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

त्या वीतभर उंचीवरच शेतकऱ्याचा पैसा असतो. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दहिवर गोठतं, वर्तमानपत्रात हिमकणांचे फोटो येतात, हॉटेलं भरतात. त्याच पहाटे शेजारच्या स्ट्रॉबेरीच्या पानावरही तेच हिमकण असतात. त्यांचा फोटो काढायला मात्र कोणी जात नाही. रावेर-यावलकडे केळीवर चरका बसतो, पानं पिवळी पडतात, घड नीट बाहेर पडत नाही. फळपीक विम्यात केळीसाठी सलग तीन दिवस आठ अंश किंवा त्याखाली अशी अट आहे. म्हणजे मंडळातल्या एका यंत्राने आठ म्हटलं तर भरपाई, साडेआठ म्हटलं तर नशीब! बागेतली केळ काही यंत्राला विचारून गारठत नाही. निफाडला 2018च्या डिसेंबरअखेर पारा दोन अंशांच्या आसपास आला होता, तेव्हा बागांतून रात्रभर शेकोट्या धुमसत होत्या. धुराचं पांघरूण बसलं तर मणी तडकायचे वाचतात. गव्हाला मात्र हीच थंडी मानवते, शाळूचा हुरडा हिच्यामुळेच गोड लागतो. एकाच बांधाच्या अलीकडे शिव्या आणि पलीकडे समाधान, हे थंडीइतकं कुठल्याच ऋतूला जमत नाही.

माझं म्हणणं एवढंच की थंडीचा अंदाज हा आकडा नसून त्या रात्रीचं काम असतो. शहरात बसून 'पुणे 8 अंश' वाचायला मजा येते, पण त्याच पहाटे हवेलीच्या रानात आणि वडगाव शेरीच्या इमारतींत चार-पाच अंशांचा फरक असू शकतो. कृषी सल्ला सांगतो, रात्री पिकाला पाणी द्या. ओली जमीन ऊब धरून ठेवते. सल्ला बरोबर आहे. शेतकऱ्याला रात्रीच पाणी द्यावं लागतं हेही खरं, कारण वीज अनेकदा रात्रपाळीलाच येते, गारठा असो की बिबट्या. फक्त ज्या रात्री कडाका पडणार, त्याच रात्री वीज असेल याचा अंदाज अजून कोणतीही वेधशाळा देत नाही.

तेव्हा तुमचं घाटावर शेत असेल तर आकड्यावर विसंबू नका. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, हवा कोरडी, असं तिन्ही संध्याकाळीच जुळलं, तर सरपण बांधावर नेऊन ठेवा, आणि वीज असेतो पाणी सोडून घ्या.