हैदराबादचे दोन दिवस आणि घड्याळाचे बारा टोले

आपल्या परभणी जिल्ह्यातील माणूस हैदराबादला जातो तो दवाखान्यासाठी, मजुरीसाठी किंवा तिकडे दिलेल्या लेकीला भेटायला. पाहण्यासाठी म्हणून फार थोडे जातात. वास्तविक ही आपली जुनी राजधानी. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात आला. आमचे आजोबा सारा भरत तो हाली शिक्क्यात. तो पैसा पुढे कुठे जात असे, ते पाहायचे असेल तर हैदराबादची संग्रहालये पाहावीत, असे आमचे जुने मत आहे.

यंदा आमच्या वस्तीतील अकरा जणांनी ते मनावर घेतले. दहा महिने भिशी टाकली. मंडळींत दोन शिक्षिका, मानवतच्या जिनिंगवर काम करणारे एक भाऊ, त्यांची पत्नी व सातवीतला मुलगा, दहावीची परीक्षा दिलेल्या दोन मुली, एक पंचाहत्तरीच्या आजी आणि आमचे कुटुंब. हिशेबाची वही आमच्याकडे. बी.कॉम. झालेला माणूस वस्तीत दुसरे काही करो न करो, वही त्याच्याच गळ्यात पडते!

आधी एक ऐकीव हकीकत सांगतो, कारण तिच्यावरच आमचे सारे नियोजन बेतले होते. शेजारच्या तालुक्यातील काही कुटुंबे मागे एका खाजगी गाडीवाल्यामार्फत हैदराबादला गेली. गाडीवाल्याने त्यांना नेमके शुक्रवारी सालारजंग संग्रहालयाच्या दारात उतरविले. दार बंद! दुसऱ्या दिवशी पहाटे परतीचा प्रवास. त्या मंडळींनी दाराबाहेर उभे राहून फोटो काढले आणि घरी आली. दोन दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच. त्यांतील एक बाई आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, आमच्यासारख्यांचं एकदाच जाणं होतं. दुसऱ्यांदा कोण नेतंय?"

तेव्हा पहिली गोष्ट वाराची. हैदराबादेत शुक्रवार हा निजामी काळापासूनचा सुटीचा वार. सालारजंग शुक्रवारी बंद, पब्लिक गार्डनमधील राज्य संग्रहालय शुक्रवारी बंद, चौमहल्ला राजवाडाही शुक्रवारी बंद. आपल्याकडे वार निराळे. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. एकाच फेरीत दोन्ही लेणी पाहू म्हणणारे सोमवार-मंगळवार निवडतात आणि दोन्हीकडे फसतात. सणावारी आणि सरकारी सुटीच्या दिवशी काय असते तेही निघण्यापूर्वी फोन करून विचारावे. एका फोनला दोन रुपये लागत नाहीत.

दुसरी गोष्ट गाडीची. अजिंठा एक्स्प्रेस मनमाडहून निघून मध्यरात्रीनंतर परभणीला येते. येथे पुष्कळ लोक चुकतात. शुक्रवारी रात्री जेवून स्टेशनवर जायचे म्हणून शुक्रवारचे तिकीट काढतात. पण रात्री बारानंतर तारीख बदलते. शुक्रवारी रात्री बसायचे तर तिकीट शनिवारचे हवे. आमच्या मंडळींना हे पटवायला एक अख्खी बैठक लागली. जिनिंगवाले भाऊ अखेरपर्यंत म्हणत होते, "साहेब, झोपून उठल्यावरच दिवस बदलतो."

सरकारी कचेऱ्यांना 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा झाल्याने आमची रजा वाचली. शनिवार सकाळ ते रविवार दुपार एवढाच वेळ हातात. एवढ्यात गोवळकोंडा, चारमिनार, फिल्मसिटी, बिर्ला तारांगण, प्राणीसंग्रहालय सारे बसवू म्हटले तर काहीच दिसत नाही, फक्त रिक्षावाल्यांचे भले होते. मुलींना फिल्मसिटी हवी होती. ती शहराबाहेर लांब, दिवस खाणारी आणि तिकीट महाग. वहीत आकडा मांडून दाखविल्यावर त्यांनीच ती खोडली. आजींना विचारले तर त्या म्हणाल्या, "मला पाण्यातला बुद्ध दावा, बाकी तुमचं तुम्ही बघा."

आता वेळेची गोष्ट. परदेशांत मोठ्या संग्रहालयांच्या तिकिटावर तारखेबरोबर वेळही छापलेली असते. ॲमस्टरडॅमला ॲन फ्रँकचे घर आहे, तेथे आगाऊ ठरलेल्या वेळेखेरीज आत सोडत नाहीत. आपल्या दिल्लीत राष्ट्रपती भवन पाहायचे तरी आधी नाव नोंदवून वेळ घ्यावी लागते. ताजमहालाचे तिकीट तीन तासांपुरते चालते. सालारजंगला वेळ छापलेली नाही, सकाळी दहा ते पाच उघडे असते. पण तिकीट-खिडकी पाचच्या बरीच आधी बंद होते. आणि तेथे एक वस्तू अशी आहे की ती स्वतःच तुमची वेळ ठरविते. ती म्हणजे संगीत घड्याळ. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीचे हे घड्याळ. आत एक लोहार बसलेला आहे, तो दर सेकंदाला ऐरणीवर हातोडा मारतो. तास भरत आला की दार उघडून एक छोटा माणूस बाहेर येतो, जितके वाजले तितके टोले घंटेवर देतो आणि आत निघून जातो. बाराला बारा टोले, म्हणून सर्वांत जास्त गर्दी बाराला. पाऊण तास आधी जाऊन बसणारेही असतात.

जी गोष्ट चुकली तर हळहळ राहील ती पहिल्या दिवशी ठेवावी, म्हणजे दुसरा दिवस राखीव राहतो, असा आमचा नियम. म्हणून सालारजंग शनिवारी धरले. गाडी वेळेवर आली तर बाराचे टोले मिळणार होते. गाडी दीड तास उशिरा पोचली. सामान ठेवणे, तोंड धुणे, न्याहारी, यात आणखी तास गेला. आम्ही आत गेलो तेव्हा पावणेदोन झाले होते.

दोनला दोन टोले पडले. माणूस आला, टण टण केले, गेला. सातवीतला मुलगा तोंडाकडेच बघत राहिला. महिनाभर तो शाळेत बारा टोल्यांची गोष्ट सांगत होता. "संपलं?" एवढेच तो बोलला.

संग्रहालयाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. निजामाच्या दिवाणांचे हे घराणे. पहिला सालारजंग 1853 ते 1883 अशी तीस वर्षे दिवाण होता. तिसरा सालारजंग, मीर युसूफ अली खान, याने लग्न केले नाही, जन्मभर वस्तू गोळा केल्या आणि 1949 साली तो वारला. 16 डिसेंबर 1951 रोजी त्याच्या दिवाण देवडी या वाड्यात पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय उघडले. 1961 साली संसदेने कायदा करून ते राष्ट्रीय महत्त्वाचे ठरविले आणि 1968 मध्ये ते मुसी नदीकाठच्या सध्याच्या इमारतीत आले. बेंझोनी या इटालियन शिल्पकाराची बुरख्यातली रिबेका तेथे आहे. संगमरवराचाच बुरखा आणि त्यातून चेहरा दिसतो! शिक्षिकाबाईंनी तेथे अर्धा तास घालविला. आम्ही मात्र हस्तिदंताच्या खुर्च्या, जेड दगडाच्या मुठींचे खंजीर, चिनी मातीची भांडी पाहत हिशेब करीत होतो. एका माणसाच्या घरात एवढे कोठून येते? जिनिंगवाल्या भाऊंनी तो प्रश्न सोपा केला. "आपल्याच कपाशीचं असल थोडंफार," ते म्हणाले.

तीसहून अधिक दालने आहेत. सगळी पाहू नयेत, पाय दुखतात आणि काही लक्षात राहत नाही. पाच-सहा निवडावीत. चीन-जपानकडील बुद्धमूर्ती मात्र पाहाव्यात. एकच भगवंत, पण देश बदलला की नाकडोळे बदलतात. आजींना याची फार मौज वाटली.

संध्याकाळी हुसेनसागर. तेथे बोटीला रांग होती, पण बोटी सुटत राहतात. पाण्यातील मूर्ती एकाच ग्रॅनाइट दगडाची, सुमारे 58 फूट उंच. एन. टी. रामाराव मुख्यमंत्री असताना हे काम निघाले, गणपती स्थपती यांनी ते केले. मार्च 1990 मध्ये मूर्ती तराफ्यावरून नेताना तराफा कलंडला, मूर्ती तळ्यात गेली आणि काही माणसे बुडून मेली. पुढे ती वर काढून 1 डिसेंबर 1992 रोजी उभी केली. आजींनी कधी बोटीत पाय ठेवला नव्हता. दोन्ही मुलींनी त्यांना दंडाला धरून चढविले. मूर्तीपाशी त्यांनी हात जोडले, पंचशील म्हटले आणि मग आम्हाला विचारले, "ती माणसं गेली त्यांची नावं हायत का कुठं लिहिलेली?" आम्ही चौथऱ्याभोवती शोधू लागलो. एक बाजू पाहून होते न होते तोच परतीच्या बोटीची हाक आली.

काठावरून बाबासाहेबांचा 125 फुटी पुतळा दिसतो. 14 एप्रिल 2023 रोजी त्याचे अनावरण झाले, शिल्पकार राम सुतार. उस्मानिया विद्यापीठाने 1953 साली बाबासाहेबांना डी.लिट. दिली ते हेच शहर. आम्ही काठावरूनच अभिवादन केले. जवळ जायचे असल्यास त्या दिवशी प्रवेश आहे का हे आधी विचारून घ्यावे.

रात्री लॉजवर वाद झाला. रविवारी ठरले होते राज्य संग्रहालय. मुलाला हवे होते बारा टोले. वडील म्हणाले, एकदा तिकीट काढले, आता पुन्हा कशाला पैसे घालायचे? शिक्षिकाबाई म्हणाल्या, लेकराचा हट्ट एवढाच तर आहे. परतीची गाडी संध्याकाळी, दोन्ही गोष्टी सर्वांना जमणार नव्हत्या. शेवटी तुकड्या केल्या. मुलगा, त्याची आई आणि एक शिक्षिका सालारजंगला. बाकीचे पब्लिक गार्डनला. आणि दुपारी तीनला सर्वांनी स्टेशनवर. तिघांचे तिकीट भिशीच्या शिलकीतून. वडिलांनी वहीत तो खर्च त्यांच्या नावावर लिहायला लावला. आम्ही लिहिला.

राज्य संग्रहालयात रविवारी सकाळी शांतता होती. लोक येतात ते इजिप्तची ममी पाहायला आणि ती पाहून परत जातात. आमच्यासाठी तेथे अजिंठ्याचे दालन होते. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून त्याच्या पुरातत्त्व खात्याने चित्रकारांकडून भिंतीवरील चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. 1920 नंतर इटलीहून दोन जाणकार बोलावून मूळ चित्रांची डागडुजीही केली. लेण्यात अंधार असतो, मागून माणसे रेटतात, पहारेकरी पुढे चला म्हणतो. येथे उजेडात, बसून, एकेक चेहरा पाहता आला. दहावीची एक मुलगी म्हणाली, "हे आपल्या औरंगाबादचं आहे हे इथं कुणालाच माहीत नाही का?" फणिगिरीच्या बौद्ध शिल्पांपुढेही आम्ही बराच वेळ होतो. आजी खाली बसूनच राहिल्या, पाय दुखत होते की आणखी काही, आम्ही विचारले नाही.

तीनला स्टेशनवर दुसरी तुकडी आधीच येऊन बसली होती. मुलगा भेटेल त्याला सांगत होता की तो साडेअकरालाच जाऊन पहिल्या रांगेत बसला, लोहार कसा ठोकत होता आणि सगळ्यांनी टोले मोठ्याने मोजले. वडिलांनी दोनदा ऐकून घेतले. तिसऱ्यांदा स्वतःच विचारले, "मग बाराव्या टोल्यानंतर तो माणूस आत कसा गेला म्हणतोस?"

गोदावरी ओलांडली तेव्हा अंधार पडला होता. परभणीला उतरलो तेव्हा मध्यरात्र उलटून सोमवार लागला होता. भिशीत एकशे चाळीस रुपये शिल्लक राहिले. पुढच्या खेपेला कोठे जायचे यावर अजून मतभेद आहेत.