अब्बांचा ओला पंचा

बार्शीहून परत येताना, वैराग यायच्या आधीच गाडी बंद पडली. २०२३ चा एप्रिल, दुपारचा दीड, आणि सोलापूर जिल्ह्यातलं ऊन. शेजारच्या सीटवर अम्मी, नुकतीच सलाईन काढून आलेली. रमजान चालू होता. औषधांमुळे रोजे सुटले याचं दुःख तिला आजारापेक्षा जास्त होतं. मी बॉनेट उघडून उभा होतो, म्हणजे खरं तर नुसताच उभा होतो. मला त्यातलं काही कळत नाही. अर्ध्या तासाने गाडी आपोआप सुरू झाली आणि घरापर्यंत मुकाट्याने आली.

ही छोटी पेट्रोल कार अब्बांनी २००५ साली निवृत्तीच्या पैशातून घेतली होती. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाची ती पहिली आणि शेवटची कार. २०२० मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा त्यांनी स्वतः आरटीओत खेटे घालून पाच वर्षांचं नूतनीकरण करून घेतलं. पुढच्याच वर्षी ते गेले. त्यानंतर गाडी बहुतेक दारातच उभी असायची. अम्मीचा उपचार बार्शीला सुरू झाला आणि तिला पुन्हा काम लागलं. दर तीन आठवड्यांनी सत्तरेक किलोमीटर जायचं, तितकंच यायचं.

आधी मी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे गाडी थंड होती, त्यामुळे झकास चालली. स्कॅनर लावला, एकही दोष दिसला नाही. तरी सुपरवायझर म्हणाला, "सर, कॉम्प्युटर गेलाय. नवा बसवावा लागेल, सोबत चाव्यांचा सेट." आकडा बेचाळीस हजारांचा. गाडी भंगारात दिली तर तेवढेही आले नसते. बहीण फोनवर म्हणाली, "विकून टाक, टॅक्सी कर." मीही मनात जवळजवळ तेच ठरवलं होतं.

तरी एकदा उस्तादांना दाखवावी म्हटलं. अब्बांच्या स्कूटरपासून आमच्या घरच्या सगळ्या गाड्या त्यांच्याच हाताखालून गेल्या आहेत. वय सत्तरीच्या घरात, दाढी पांढरी, नखं काळी. मी म्हणालो, "चाचा, कॉम्प्युटर गेलाय म्हणतात." ते हसले. "बेटा, जे उघडून बघता येत नाही ना, त्याच्यावर सगळे आळ घेतात. आधी अर्थ बघू."

अर्थ म्हणजे कॉम्प्युटरच्या वायरी जिथे बॉडीला बोल्टने आवळलेल्या असतात ती जागा. तिथे गंज चढला की कॉम्प्युटर चांगला असूनही वेड्यासारखा वागतो. उस्ताद मीटर लावत नाहीत, बल्ब लावतात. मीटर एका केसाएवढ्या तारेवरही बारा व्होल्ट दाखवतो, पण इंडिकेटरचा बल्ब पेटवायला खरा करंट लागतो, खोटी वायर तिथेच उघडी पडते. आमचा बल्ब लख्ख पेटला. वायरी ठीक होत्या.

मग संशय क्रँक सेन्सरवर गेला. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा तो सेन्सर. तापला की दगा देतो, थंड झाला की पुन्हा शहाणा होतो. आमच्या गाडीचीही लक्षणं अगदी तीच. नवा बसवला. पुढच्या फेरीला गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर बंद. या वेळी अम्मी काही बोलली नाही. तिने डोळे मिटले आणि ओठ हलत राहिले. मला मात्र उस्तादांचाच राग आला. वर्कशॉपवाला बरोबर होता की काय, असं वाटून गेलं.

त्या रात्री गाडीचे कागद शोधताना समोरच्या खणात अब्बांची वही सापडली. पेट्रोल, हवा, ऑइल, सगळं तारीखवार, शिक्षकी अक्षरात. आणि २०१९ च्या मे महिन्यातल्या काही ओळी. वैरागजवळ बंद. ऊन फार. अर्ध्या तासाने सुरू. खाली आठवड्यानंतरची नोंद होती. पुन्हा बंद. पंचा भिजवून डॅशबोर्डवर पसरला, खण उघडा ठेवला, दहा मिनिटांत सुरू. मग जून येईपर्यंत तीनदा "पंचा" एवढंच.

बार्शीला माझी फुफी राहते, तिला भेटायला ते एकटेच जायचे. सत्तरीचा माणूस भर उन्हात रस्त्याकडेला बसून डॅशबोर्डवर पाणी शिंपडत होता आणि घरी येऊन म्हणत होता, "फुफीने जेवल्याशिवाय सोडलं नाही, म्हणून उशीर झाला." अम्मीला मी वही वाचून दाखवली नाही. उस्तादांना दाखवली. ते उर्दू सरसर वाचतात, मराठीला अडखळतात, म्हणून मीच वाचली. पंचाची ओळ त्यांनी दोनदा वाचायला लावली.

"मास्तरने पकडला होता की रे," ते म्हणाले. "इंजिन तापलं तर डॅशबोर्डवर पंचा टाकून काय थंड होणार? या गाडीचा कॉम्प्युटर त्या खणाच्या मागे आहे."

पुढची तपासणी मी डोळ्यांनी पाहिली. गाडी चालू ठेवून त्यांच्या भाच्याने खण उतरवला आणि त्या ॲल्युमिनियमच्या डबीवर घरातला केस वाळवायचा ड्रायर धरला. सात-आठ मिनिटांत इंजिन बंद. चावी पुन्हा फिरवली तर इंजिनाच्या चिन्हाचा पिवळा दिवा लागलाच नाही, स्कॅनरलाही उत्तर येईना. कॉम्प्युटर बॅटरीचे बारा व्होल्ट घेतो आणि सेन्सरांना पाच व्होल्ट देतो. ते पाच व्होल्ट गायब होते. एखादा शॉर्ट झालेला सेन्सरही ते खाऊन टाकू शकतो, म्हणून भाच्याने एकेक सेन्सर सोडवून पाहिला. तरीही शून्य. मग ओलं फडकं ठेवलं, आणि दिवा लागला. म्हणजे वर्कशॉपवाल्याचं उत्तर बरोबर होतं. पण त्याने गणित केलं नव्हतं, आणि त्या न केलेल्या गणितावर तो माझे बेचाळीस हजार लावायला निघाला होता.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात, मुस्लिम कामगार तुलनेने जास्त आहेत अशा धंद्यांमध्ये मोटारदुरुस्तीही येते. आपण तो अहवाल नोकऱ्यांच्या टक्क्यांसाठी वाचतो. पण या पत्र्याच्या शेडमध्ये जी विचार करायची शिस्त आहे तिचा कागद कुणाकडेच नसतो. उस्तादांचा मुलगा सौदीत ड्रायव्हर आहे. भाचा आयटीआय शिकलाय, स्कॅनरवरचं इंग्रजी तो वाचतो. कुठे बघायचं ते मात्र मामा सांगतो.

जुना कॉम्प्युटर आणायला मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला गेलो, दादरहून कुर्ला. सीएसटी रोडवरच्या त्या दुकानांबद्दल लोक डोळे मिचकावून बोलतात. मीही बिचकतच गेलो, हे कबूल करतो. दुकानदाराने आधी माझ्या डबीवरचा नंबर मागितला. तो शेवटच्या अक्षरापर्यंत जुळायला हवा. दिसायला सारखी, प्लग बसणारी, पण आतला हिशेब वेगळ्या इंजिनाचा असलेली डबी घेऊन लोक फसतात. साडेसहा हजार घेतले, बिल दिलं, वर नंबर लिहिला.

बॅटरीची निगेटिव्ह काढून भाच्याने डबी बदलली. गाडी दोन सेकंद चालली आणि बंद झाली. पुन्हा तेच. मला घाम फुटला. उस्ताद म्हणाले, "तिला मास्तरची चावी ओळखू येत नाही."

चावीच्या डोक्यात बिनबॅटरीची बारीक चिप असते. कुलपाभोवतालच्या कॉइलमुळे ती जागी होते आणि आपला कोड सांगते. तो पटला नाही तर कॉम्प्युटर पेट्रोल सोडत नाही. कुर्ल्याच्या डबीला तिच्या जुन्या घराची चावी आठवत होती. मग दोन्ही डब्या घेऊन आम्ही नव्या पेठेतल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यात गेलो. तिथल्या पोराने आमच्या डबीतली आठ पायांची मेमरी चिप वाचली आणि तिच्यातलं सगळं दुसऱ्या डबीत लिहिलं. काम पाऊण तासाचं. जुनी डबी उघडलीच होती तर त्याने भिंगातून दाखवलं, एका जाड पायाच्या टाक्याभोवती केसाएवढी गोल भेग होती. ऊन लागलं की ती फाकायची.

मी म्हणालो, "मग हा टाकाच मारला असता तर?"

"मारता आला असता," उस्ताद म्हणाले. "पण एक टाका फाटला म्हणजे बाकीचेही अठरा वर्षांचेच. मास्तर एकटा होता, त्याला चाललं. तुझ्यासोबत अम्मी आहे." त्यांनी त्या पोराकडून टाका मारून घेतला आणि डबी मला परत दिली, अडीअडचणीला असू दे म्हणून. मजुरी पंधराशे. क्रँक सेन्सरचे पैसे काही केल्या घेतले नाहीत. "तो माझा चुकलेला अंदाज," म्हणाले.

पहिले दोन दिवस इंजिन सिग्नलला जरा खालीवर व्हायचं, मग आपोआप बसलं.

ईदनंतरच्या फेरीत मी मुद्दाम दुपारीच निघालो. वैराग आलं, गेलं. मी आरशातून मागे पाहिलं, कशासाठी ते माहीत नाही. मागच्या सीटवर पंचा घडी करून ठेवला होता, शेजारी पाण्याची बाटली. मी ठेवला नव्हता.

अम्मी समोर बघत म्हणाली, "तुझ्या अब्बांना वाटायचं मला काही कळत नाही. पंचा रोज मीच धुवायची ना."

मग म्हणाली, एसी जरा कमी कर.