प्रवासातले गाणे

पूर्वी मोटारीत लागलेले गाणे साऱ्यांचे असे. १९५७ साली सुरू झालेल्या ‘विविध भारती’ने ऐकवावे ते ऐकायचे, नाहीतर कॅसेट लावायची. कॅसेटमधले नावडते गाणे वगळणे कटकटीचे. म्हणून तेही कानी पडे आणि पुढे केव्हातरी आवडूही लागे. घाट लागला की रेडिओ खरखरू लागे.

मोबाइलने ही पराधीनता संपवली. आरंभी ३.५ मिलिमीटरची पिन असलेली वायर लागे; ब्लूटूथ आल्यावर तिचीही गरज उरली नाही. दहाव्या शतकातील एका डॅनिश राजाचे नाव लाभलेले हे तंत्र २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालते. त्याला इंटरनेट लागत नाही. त्यामुळे मोबाइलमध्ये साठवलेले गाणे खंडाळ्याच्या बोगद्यातही तुटत नाही.

तुटते ते दुसरेच काही. गाडीत एका वेळी एकाच मोबाइलचे गाणे वाजते. आजोबांना नाट्यगीत हवे, नातीला नवे चित्रपटगीत. ज्याचा मोबाइल जोडलेला, त्याचे राज्य! (ते चालकाच्या हाती नसलेलेच बरे. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी दोन सेकंदांत सुमारे ४४ मीटर पुढे जाते, आणि गाणे शोधायला दोन सेकंद पुरत नाहीत.) मग नात कानांत इयरफोन घालते, आजोबा खिडकीबाहेर पाहत राहतात.

काही घरांनी यावर तोड काढली आहे : एक गाणे तुझे, एक माझे. नाट्यगीत संपण्याची वाट पाहणारी नात मध्येच विचारते, “आजोबा, हे कोण गातंय?”