आजीची गोधडी

आज आजीचं वर्षश्राद्ध झालं. आईनं पानात मुद्दाम भाकरी आणि ठेचा वाढला. गोडाची आजीला कधीच ओढ नव्हती.

तिनं शिवलेली गोधडी दुपारी उन्हात घातली. वर तिचं जुनं इरकली लुगडं, आत आजोबांची धोतरं, माझी झबली. टाके कसे एका ओळीत! ते घालताना तिचा डावा अंगठा वाकडाच राहायचा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडताना त्याच्यावर हातोडी बसली होती. त्या साली आमच्या सोलापूरकडच्या विहिरी आटल्या, त्यात आजोबा आजारी. तिन्ही पोरं बाभळीखाली बसवून ती दुष्काळी कामावर उभी राहायची. तिथं खायला मिळणारी सुकडी पदराच्या गाठीत बांधून पोरांसाठी राखायची. स्वतः मिलो ज्वारीची लाल भाकरी पाण्याबरोबर गिळायची. सुकडीचं नाव निघालं की बाबा अजून गप्प होतात.

पुढे आजोबा चार वर्षं अंथरुणाला खिळले. त्यांच्या पाठीला तिनं एक जखम होऊ दिली नाही. लोक याला आजोबांचं नशीब म्हणतात. मी तिचे कष्ट म्हणतो.

मी पुण्याहून फोन केला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलास का रं?" हो म्हटल्याशिवाय पुढचं बोलणं नाही.

बहात्तरचं मी तिला नीट कधी विचारलंच नाही. कळलं ते सगळं बाबांकडून. तुमच्या घरात तो दुष्काळ पाहिलेली आजी असेल, तर आजच तिच्याजवळ बसा. विचारा तिला.